पायगुण

आमच्या आबांना इसवी सन कधी जमलं नाही. त्यांच्या हिशोबात रझाकाराचं साल होतं, गांधीबाबाला मारलं ते साल होतं, सुकडीचं साल होतं, आणि ह्यांच्या मधल्या जागा नारूच्या सालांनी भरलेल्या होत्या. “ह्या पायाला तीन निघाले तवा तुझा बाप झाला,” असं ते धोतर वर करून नडगीवरचे वण दाखवत सांगायचे. डाव्या घोट्यावरचा वण थोरल्या आत्याच्या जन्माचा. गुडघ्यामागचा, सगळ्यांत खोल, बैल विकला त्या वर्षाचा. तलाठ्याच्या दप्तरात नसलेल्या कितीतरी तारखा आबांच्या पायांवर सापडत. गाव आमचं बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगराला टेकलेलं. तिथल्या त्या पिढीत वण नसलेला पाय शोधावा लागे.

आता नारू म्हणजे काय हे सांगावं लागतं. माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात घेतला आणि मग अर्थातच आणखी विचारलं. नारू हा कृमी. त्याची मादी दोन ते तीन फूट लांब, जाडीला शेवईइतकी, माणसाच्या कातडीखाली मुक्कामाला असते. वर्षभर तिचा काही त्रास नसतो. मग एके दिवशी पायावर फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि तळाशी पांढरं टोक दिसतं. बहुतेक वेळा पायातच, पण पाठीवर, हातावर, कुठंही निघू शकतो. इजिप्तच्या एका ममीतही तो सापडला आहे, म्हणजे तीन हजार वर्षं तर नक्कीच माणसाच्या मागे होता. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. देवी एकदाच येत. नारू दरसाल येई, आणि एका वेळी दोन-तीनही येत.

तो काढायची विद्या गावात होती. ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्या म्हाताऱ्यांना मी लहानपणी हे करताना पाहिलंय. ओट्यावर उजेडाला बसायचं, पाय मांडीवर घ्यायचा, गार पाण्याची धार धरायची. फोडातून दुधासारखं पांढरं पाणी येई आणि टोक थोडं बाहेर सरके. तात्या तुरीच्या काटकीचा बोटभर तुकडा घेत, टोकाचा वेढा तिच्यावर देत आणि अगदी हलकेच फिरवत. किडा ताणला जातोय असं वाटलं की लगेच थांबत. मग काटकी पायालाच फडक्यानं बांधायची. संध्याकाळी परत. दिवसाला चार बोटं आला तर पुष्कळ. “वढायचं न्हाई. त्यानं दिलं तेवढंच घ्यायचं,” हे तात्यांचं एकच सूत्र. घाई करून तुटला तर आतला भाग आतच राहतो, पाय सुजून भोपळा होतो, पू धरतो, कधी धनुर्वात होऊन माणूस जातो. गल्लीतल्या एका चुलत्याचा गुडघा असाच जन्मभरासाठी आखडला. हे सगळं तात्यांना ठाऊक होतं. आजच्या वैद्यकाच्या पुस्तकातही नारू काढायची रीत हीच आहे, काटकीच्या जागी गॉजची पट्टी इतकाच फरक. ह्या रोगावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, लस नाही; तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

नारू निघायचा तो चैत्र ते ज्येष्ठ. नेमका मृगाच्या तोंडावर, म्हणजे पेरणीच्या वेळी, घरातला कर्ता बाजेवर. महिना-दोन महिने. शेजारपाजारचे सावडीनं पेरून देत, पण शेजाऱ्याच्याही पायात तोच असला तर सावड करायची कुणी? आबांचा तो बैल अशाच वर्षी गेला. सावकाराच्या वहीत दुष्काळाचं कर्ज वेगळं आणि नारूचं वेगळं, असं लिहीत नसतील. लिहिलं असतं तर मराठवाड्याचा इतिहास जरा निराळा वाचता आला असता.

आणि बारव. आमच्या गावची बारव सुंदर आहे. काळ्या दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या, मधल्या टप्प्यावर कमान, कोनाड्यात एक झिजलेला देव. बायका खाली उतरून घागर बुडवून भरत. पोरं उतरून हातपाय धूत. ज्याच्या पायात नारूची आग पेटलेली असे, त्याला म्हातारी माणसं मायेनं सांगत, “जा, बारवंत पाय सोडून बस. थंडावा वाटंल.” वाटतही असे. पाण्यात पाय बुडवला की आग खरोखर शमते.

सगळा घोळ ह्याच पायरीवर होता. पाय पाण्यात गेला की मादी आपली पिलं त्या पाण्यात सोडते, लाखोंच्या संख्येनं. तात्यांच्या धारेखाली जे दुधासारखं दिसे ते तेच. ही पिलं साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. साठलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, पांढऱ्या ठिपक्याएवढा जीव उड्या मारत असतो. तो ही पिलं गिळतो. साधारण दोन आठवडे त्याच्या पोटात ती वाढतात. असा सायक्लॉप्स घागरीत येतो, घागरीतून तांब्यात, तांब्यातून पोटात. पोटातल्या आम्लानं सायक्लॉप्स मरतो, पिलं मात्र सुटतात, आतडं भेदून बाहेर पडतात, जोडी जमते, नर मरतात आणि मादी सावकाश पायाकडे निघते. तिला वर यायला सुमारे वर्ष लागतं. उन्हाळ्यात बारवेचा तळ दिसू लागला की त्या घोटभर पाण्यात सायक्लॉप्सची दाटी होते, म्हणून गिळलाही उन्हाळ्यातच जातो आणि निघतोही पुढच्या उन्हाळ्यात. ज्यांना बारवेच्या पायरीवर पाय ठेवायला बंदी होती, त्यांच्या घागरीत वरून कुणी उपकार म्हणून पाणी ओतलं की नारूही ओतला जाई. शिवाशीव पाळणाऱ्या गावात एवढी एक गोष्ट मात्र सगळ्यांनी वाटून घेतली.

प्यायलेलं पाणी आणि निघालेला किडा ह्यांच्यात एक वर्ष. बारा महिन्यांपूर्वीच्या पाण्याचा संबंध आजच्या फोडाशी कोण लावणार? लोक मूर्ख नव्हते. जुलाब लागले तर काल काय खाल्लं ते त्यांना बरोबर आठवे. पण वर्षापूर्वीचा घोट? मग कारणं जवळची शोधली जात. अंगात उष्णता झाली. पाण्यातून केस गिळला. शेतातल्या म्हसोबाला नारळ चुकला. आणि कधी कधी, कारण म्हणून माणूसच सापडे.

थोरल्या आत्याचं लग्न तसं सापडलं. साल साधारण १९६६. वैशाखातलं लग्न, वऱ्हाड पंधरा कोसांवरून बैलगाड्यांनी आलेलं. तिच्या सासरच्या गावाला बारव नव्हती; तिथल्या विहिरी मोटेच्या, खोल, वरून दोरानं पाणी काढायच्या. नारू त्या गावाला ऐकून माहीत. आमच्याकडे मांडवाच्या दारात रांजण भरून ठेवलेले, तहानलेल्या वऱ्हाडाला गूळ-पाणी. एवढ्या पाण्याला गाळत कोण बसतंय? लग्न थाटात झालं, रुसवेफुगवेही रीतसर झाले, आत्या सासरी गेली. पुढच्या वैशाखापासून ज्येष्ठापर्यंत तिच्या सासरी सात-आठ जणांच्या पायांतून नारू निघाले. सासऱ्यांना दोन. दिराला एक. खुद्द आमच्या मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, घोट्यात. पेरणी हुकली.

ज्या गावात कधी नव्हता तिथे एकदम सात-आठ, आणि नवी गोष्ट म्हणावी तर वर्षभरात एकच आलेली. पांढऱ्या पायाची, म्हणाले. तिच्या पायांवर नारूचे वण होतेच, म्हणजे पुरावाही घेऊनच आलेली. पोळ्याला तिला माहेरी धाडली. दिवाळी उलटली, संक्रांत उलटली, सासरहून मूळ आलं नाही. आजी सांगायची, त्या काळात आत्या दिवसातून तीन-तीनदा पाय धुवायची. कुठे? बारवेत.

आबा शेवटी चार पंच घेऊन गेले, पागोटं खाली ठेवलं आणि तिला नांदवायला धाडलं. पुन्हा तिथे कुणाला नारू झाला नाही, तर त्याचं श्रेय गावच्या देवाला मिळालं. आत्याला पायगुणाचं बोलणं मात्र राहिलं. घरात म्हैस आटली तरी तिच्याकडे नजर जाई.

ह्या साऱ्याचं उत्तर तोवर कितीतरी वर्षं छापून तयार होतं. सायक्लॉप्सच्या पोटात नारूची पिलं वाढतात हे अलेक्सेई फेदचेन्को ह्या रशियन निसर्गशास्त्रज्ञानं तुर्कस्तानात १८७० साली पाहिलं. आणि तो सायक्लॉप्स पाण्यातून पोटात गेला की माणसाला नारू होतो, हे १९१३ साली, स्वतःहून तयार झालेल्या माणसांवर प्रयोग करून दाखवलं ते मुंबईत, डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड ह्यांनी. आपल्याच माणसानं, आपल्याच मुंबईत. मला हे वाचून आधी अभिमान वाटला आणि मग राग आला. मुंबईपासून आमचं गाव चारेकशे किलोमीटर. आत्याच्या लग्नाच्या वेळी त्या प्रयोगाला पन्नास वर्षं उलटून गेली होती आणि पंधरा कोसांच्या त्या दोन गावांत एकालाही त्याची गंधवार्ता नव्हती. मधे निजामाचं राज्य होतं हे खरं. पण १९४८ नंतर ते नव्हतं. ज्ञानाला पाय फुटत नाहीत, ते कुणीतरी उचलून न्यावं लागतं, आणि ते नेण्याचं काम कुणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली ती दुष्काळामुळे. बहात्तरला विहिरी तळाला गेल्या, सुकडी आली, खडी फोडायची कामं निघाली, आणि कूपनलिका खोदणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. पाणी लागलं तर त्यावर हापसा. हा हापसाही आपल्याच मुलखातला. जुने ओतीव लोखंडाचे पंप गावभर हापसून महिन्याभरात मोडत. तेव्हा जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या मंडळींनी पोलादाचा, मोडायला अवघड असा पंप घडवला आणि सोलापूरच्या त्या पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला, जो आज आफ्रिकेतही दिसतो. कूपनलिकेच्या बंद पाण्यात ना पाय बुडतो, ना सायक्लॉप्स जगतो. हापशाला नारूची गाठ पडूच शकत नाही.

पण हापशाच्या पाण्यात तुरीची डाळ शिजेना. पाणी जड. चहा काळपट होई, पाण्याला लोखंडाचा वास. मग हापशाचं पाणी गुरांना आणि धुण्याला, आणि बारवेचं गोड पाणी प्यायला आणि डाळीला, अशी वाटणी गावातल्या बायकांनी करून टाकली. सरकारी अहवालात लिहिलं असणार, ‘गावास शुद्ध पाण्याचा पुरवठा झाला.’ झालाच होता. फक्त कुणी पीत नव्हतं.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ साली देशभरात सुमारे ४० हजार रुग्णांची नोंद झाली, सात राज्यांत, आणि त्यांत महाराष्ट्र होता. घरोघर जाऊन शोध घ्यायचा, नारू दिसला की लिहून घ्यायचा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठडा बांधायचा, पाण्यात टेमेफॉस नावाचं औषध सायक्लॉप्स मरण्यापुरतं टाकायचं, आणि लोकांना पाणी गाळायला सांगायचं. कागदावर सोपं. पण गावात आरोग्य खात्याचा माणूस म्हटलं की लोकांना आणीबाणी आठवे. जीप आली की बाप्ये माणसं ज्वारीत दडत, नसबंदीला धरून नेतील म्हणून. अशा गावात कुणी विहिरीत औषध टाकू लागला तर काय होणार? “वांझ करायचं अवशीद हाय,” अशी बोली उठली आणि आमच्या गावानं त्या माणसाला पहिल्या खेपेला बारवेजवळ येऊ दिलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो. मास्तरांसकट सगळी शाळा बारवेवर तमाशा बघायला गेली होती.

ह्या बाबतीत मी गावाची बाजू घेतो. आठ वर्षांपूर्वी ज्या खात्यानं फसवून नेलं त्याच्यावर आज विश्वास ठेवा म्हणणं सोपं आहे. ज्याला तुम्ही कधी कारण सांगितलं नाही, तो तुमच्या औषधाचं कारण स्वतः शोधतो, आणि ते वाईटच शोधतो.

देवीचं तसं नव्हतं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि रोग गेला तो टोचून. दंड पुढे केला की झालं. का टोचतात हे टोचून घेणाऱ्याला नाही कळलं तरी लस आपलं काम करी. नारूला लस नाही. आमच्या आजीला, आत्याला, ज्वारीत दडलेल्या काकाला, प्रत्येकाला कारण कळल्याखेरीज तो जाणार नव्हता. औषधाविना गेलेला रोग म्हणून जग नारूकडे पाहतं. मी त्याला समजून घालवलेला रोग म्हणतो.

आमच्या भागात आलेला आरोग्य सेवक पंचविशीतला, सायकलवरचा. गावकरी त्याला ‘नारूवाला भाऊ’ म्हणत. दुसऱ्या खेपेला तो औषध न घेता आला. सोबत एक काचेचा पेला आणि एक भिंग. बारवेतून घागर भरून येणाऱ्या पहिल्याच बाईकडे, ती नेमकी आमची आजी, त्यानं पेलाभर पाणी मागितलं आणि प्यायचं सोडून तो पेला उन्हाकडे धरला. “आजी, बघा.” पांढरे ठिपके. एक ठिपका टुणकन वर, मग खाली. मग दुसरा. भिंगातून पाहिल्यावर शेपटीही दिसली. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आन् हे आमी रोज पितो व्हय?” त्या दिवशी तो पेला गल्लीभर फिरला. मी दोनदा पाहिला. काही बायकांनी घागरी तिथेच उपड्या केल्या. औषध टाकायला विरोध करणाऱ्यांचा म्होरक्या पेला बघून इतकंच म्हणाला, “टाका काय टाकायचं ते, पर आदी तुमी ते पानी प्या.” पुढच्या खेपेला औषध घेऊन आला तेव्हा भाऊ औषध टाकलेलं पाणी सगळ्यांसमोर ओंजळीनं प्याला.

पुढे तोच भाऊ शोधमोहिमेत आत्याच्या सासरी पोहोचला. चित्र दाखवून विचारी, असा किडा ह्या गावात कधी निघाला का? लोक म्हणाले, एकदाच, हिच्या लग्नाच्या पुढल्या साली. आत्याला ओसरीवर बोलावलं. तिनं सांगितलेला तो संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की मला पाठ आहे.

“लग्न कोणत्या महिन्यात?”

“वैशाखात.”

“नारू कधी निघाले?”

“पुढल्या वैशाख-जेठात.”

“कुणाकुणाला?”

तिनं बोटांवर मोजून सगळी नावं सांगितली. ती विसरणं तिला शक्यच नव्हतं.

“ह्यातलं लग्नाला न गेलेलं कोण?”

आत्या थांबली. सासू आतून ऐकत होती, ती दारात आली. एकही नाव निघेना. घरी राहिलेल्या बायका, म्हातारी, लेकरं, गुरं राखायला मागे राहिलेला चुलत दीर, कुणालाही नारू नव्हता. तसे वऱ्हाडात जाऊन न झालेलेही पुष्कळ होते, पण त्यांच्यात गावातले जैन दुकानदार सगळ्यांना आठवले. ते वऱ्हाडात होते, पंगतीला बसले नाहीत, आणि पाणी स्वतःच्या दुपदरी फडक्यानं गाळून प्याले म्हणून बायकांनी त्यांची थट्टा केली होती.

“म्हणजे पाण्यातून आलं,” भाऊ म्हणाला. “वर्षानं निघतं. ताईंचा काय संबंध?”

अठरा वर्षांनी. आमच्या गावात नारू रोजचाच, म्हणून तिथे कुणी कधी मोजलं नव्हतं; जिथे तो पाहुणा होता तिथेच त्याचा माग लागू शकत होता. लंडनच्या कॉलऱ्याचा माग जॉन स्नोनं १८५४ साली काढला तो अशाच मोजणीनं, कुठल्या पंपाचं पाणी कोण प्यालं ते घरोघर विचारून. आत्याच्या डोक्यात सगळी यादी अठरा वर्षं तयार होती. ती कोणत्या रकान्यात भरायची ते सांगणारं कुणी आलं नव्हतं.

सासूनं माफी वगैरे मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी रांजणावरचं फडकं बदललं, आणि बदलताना सुनेला विचारलं, “असं दुपदरी पुरंल का गं?” आत्या म्हणते, तेवढं पुरलं.

त्या उन्हाळ्यात माहेरी आली तेव्हा तिनं जुन्या लुगड्याचे चौकोन कापून, दुपदरी शिवून, सगळ्या भावजयांना वाटले. गावात पाणी गाळत नव्हते असं नाही. गाळत होते, पण विरलेल्या धोतराच्या एकेरी तुकड्यानं, काडीकचरा निघावा म्हणून. त्यातून सायक्लॉप्स आरामात जाई. शिवाय फडकं धुवून परत घालताना उलटं पडलं, तर अडकलेले सगळे किडे नव्या पाण्याबरोबर थेट माठात. भाऊनं हे सांगितलं होतं खरं, पण पहाटेच्या अंधारात उलटसुलट कळणार कसं? आत्यानं प्रत्येक चौकोनाच्या वरच्या बाजूला कडेनं लाल दोऱ्याचा जाड टाका घातला. बोटाला टाका लागला की वरची बाजू. भाऊ पुढच्या फेरीला आला, त्यानं ते फडकं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि नंतर बाकीच्या गावांत तो टाका घालायला सांगू लागला. खात्याच्या कुठल्या पत्रकात तो गेला असेल असं मला वाटत नाही.

बाप्यांचं मात्र अवघड होतं. घरातला माठ गाळलेला, पण शेतात तहान लागली की ओढ्याच्या डबक्यात ओंजळ. आफ्रिकेत पुढे गुराख्यांना गळ्यात अडकवायची नळी दिली, तोंडाशी जाळी असलेली, कुठेही ओणवं होऊन प्यावं. आमच्याकडे आजीनं आबांच्या मुंडाशाचं टोकच तांब्यावर धरायला लावलं.

मग बारवेच्या पायऱ्या बंद झाल्या. खालच्या बाजूनं भिंत, वर कठडा, त्यावर रहाट. नारू थांबायला ते हवंच होतं, पण त्याची किंमत बायकांनी दिली. उतरून भरायची घागर आता ओढून भरायची. कमानीच्या सावलीत बसून चार गोष्टी बोलायची जागा गेली, तिथे पुढे गावाचा कचरा पडू लागला. आजी शेवटपर्यंत म्हणायची, पाय वाचले आणि खांदे गेले. आता शहरातली तरुण पोरं जुन्या बारवा उपसतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. आमची पण उपसली. फोटो फार छान आलेत. एका पोराला मी नारूचं सांगितलं, तर त्याला ती गावठी भुताची गोष्ट वाटली.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. जगात १९८६ साली वर्षाला सुमारे ३५ लाख माणसांना होणारा हा रोग २०२३ साली अवघ्या १४ जणांत उरला. संपूर्ण का संपत नाही, तर चाडमध्ये तो कुत्र्यांत शिरलाय, आणि कुत्र्याला फडकं कसं समजावणार? आबा १९९८ साली गेले. देश नारूमुक्त झाल्याची बातमी त्यांना कळली नाही, पण नवा वण न पडलेली दहा-बारा वर्षं त्यांनी पाहिली. त्या वर्षांची सालं सांगताना ते अडखळत. खूण उरली नव्हती.

आत्या आता पंचाहत्तरीची. पाच-सहा वर्षांपूर्वी तिला साखर निघाली. गोळ्यांची पाकिटं ती रंगावरून ओळखते, त्यांवरचं बारीक इंग्रजी मलाही धड लागत नाही. तिच्या मोबाइलवर कडुनिंबापासून गोमूत्रापर्यंतचे सगळे इलाज सकाळी सहाला येऊन पडतात. आशाताई महिन्याला येऊन जाते, वजन करते, गोळ्या मोजते. माहितीचा तुटवडा कुठेच नाही. पण साखरेचा हिशोबही नारूसारखाच लांबणीवरचा. आज खाल्लेल्या जिलबीचं बिल पायाला मुंग्या येऊन, डोळ्यांवर पडदा येऊन, दहा-पंधरा वर्षांनी येतं, आणि तोवर जिलबी विसरलेली असते. मग लोक म्हणतात, टेन्शननं झालं, इंजेक्शननं झालं, अमक्याची नजर लागली. आमच्या नात्यात एका सुनेनं बाळंतपणात साखर ‘आणली’ असं परवाच ऐकलं. सून नवी, बोलणं जुनं.

गेल्या फाल्गुनात आत्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून बोलू लागल्या. आत्यानं त्यांना थांबवलं. “बाई, मला सांगा. पाय माझं हायती.”

“आजी, ही गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर आहे,” त्या म्हणाल्या. “एक दिवस उपाशी राहून ही फसत नाही. रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात, तेवढ्या दिवसांचं खाणं त्यांच्यावर लिहिलेलं असतं.”

आत्यानं विचार केला. तिच्या चेहऱ्यावर ती ओसरीवरची मोजणी मला स्पष्ट दिसली.

“तीनच म्हैनं? नारूला वरीस लागायचं,” ती म्हणाली. “म्हंजी आता शिमग्याला तपासलं, तर संक्रांतीच्या पोळ्या दिसल्या त्यात.”

“दिसल्या.”

“आन् फुडची तपासणी?”

“ज्येष्ठात या. तीन महिन्यांनी.”

आत्यानं बोटांवर चैत्र मोजला, वैशाख मोजला, ज्येष्ठ मोजला. आंब्याचा अख्खा मोसम त्यात बसत होता. तिनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि डॉक्टरीणबाईंना अगदी गरीब आवाजात विचारलं, “श्रावणात आलं तर चालंल का, बाई? उन्हाळ्याचं गाडीत लई उकडतं.”